चूकभूल देणे घेणे : पेढीच्या सामायिक दप्तराची दुरुस्ती

आपल्या व्यापारात बिलाच्या तळाशी ‘चू. भू. दे. घे.’ ही चार अक्षरे लिहिण्याचा प्रघात फार जुना आहे. लिहिणारा बेफिकीर आहे असा त्यांचा अर्थ नव्हे. हिशेबात चूक राहू शकते हे तो आधीच मान्य करतो, आणि ती दिसून आल्यास दुरुस्त करण्यास आपण बांधलेले आहोत असे वचन देतो. चूक दाखविल्यावर जी पेढी तक्रार न करता दुसरे बिल करून देते तिची पत वाढते. जी पेढी ‘आमच्या हिशेबात चूक होतच नाही’ असे म्हणते तिच्याशी शहाणा गिऱ्हाईक जपून वागतो.

हेच वचन आज आपल्या पेढीवरील संगणकाच्या संदर्भात कसे पाळले जाते, आणि ते पाळले न गेल्यास काय ओढवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व व्यवसाय घाऊक धान्याचा. तेव्हा संगणकशास्त्राचा आव न आणता, व्यापाऱ्याने व्यापाऱ्यास समजावून द्यावे इतपतच येथे लिहिले आहे.

सामायिक दप्तर म्हणजे काय

बेगम बझार, उस्मानगंज किंवा महाराजगंज येथील मध्यम प्रतीच्या पेढीत आजमितीस तीन-चार संगणक असतात. एकावर मुनीम बिले करतो, दुसऱ्यावर जीएसटी व ई-वे बिलाचे काम चालते, तिसऱ्यावर गोदामातील पोत्यांची आवक-जावक नोंदली जाते. या सर्वांस खतावणी एकच लागते, साठापत्रक एकच लागते. पूर्वी खतावणी गादीवर असे व ज्यास पाहावयाची तो गादीवर येई. आता ती कोपऱ्यातील एका यंत्रात असते व प्रत्येक जण आपल्या जागेवरून तारेच्या वा वायफायच्या वाटेने ती उघडतो. अशी सर्वांची फाईल सांभाळून मागेल त्यास, त्याचा अधिकार पाहून, देणाऱ्या यंत्रास सर्व्हर म्हणतात.

हे काम करणाऱ्या प्रणालींपैकी एक प्रसिद्ध प्रणाली म्हणजे सांबा. फाईली साठविण्याच्या ज्या लहान पेट्या बाजारात मिळतात त्यांपैकी पुष्कळ पेट्यांच्या आत हीच असते. मात्र पेटीवर बनविणाऱ्याचे नाव असल्यामुळे मालकास तिची वार्ता नसते. सांबाचा आरंभ ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे झाला. तेथील राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल हे संशोधक विद्यार्थी होते. आपल्या टेबलावरील संगणकास विद्यापीठातील युनिक्स यंत्रावरच्या फाईली दिसाव्यात एवढीच त्यांची गरज होती. परंतु ते दोन संगणक ज्या बोलीत बोलत ती बोली त्यांस ठाऊक नव्हती. धान्यबाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे धरून सौदे होत. ते पाहणारा चतुर माणूस दोघांच्या चेहऱ्यावरून आणि मागाहून उठलेल्या मालावरून बोटांचा अर्थ ताडीत असे. ट्रिजेल यांनीही तारेवरून जाणारे संदेश टिपून त्यांचा अर्थ लावला, आणि डिसेंबर १९९१ ते जानेवारी १९९२ या काळात पहिली आवृत्ती लिहून ती लोकांस खुली केली. आरंभीच्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला. तेव्हा त्या बोलीची एस, एम व बी ही तीन अक्षरे क्रमाने ज्यांत येतात असे शब्द त्यांनी शब्दकोशात शोधले. ‘सांबा’ हे नाव त्या शोधातून मिळाले.

या प्रणालीचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, बदलता येतो व इतरांस देता येतो. मुक्त परवान्याचा अर्थ तोच. तो परवाना कसलीही हमी देत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. फुकट मिळालेल्या मालाची परतफेड मागता येत नाही, हा न्याय येथेही लागू आहे. परंतु हमी नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. जगभरातील कार्यकर्ते व अनेक कंपन्यांतील पगारी तज्ज्ञ आज तीस वर्षांहून अधिक काळ या प्रणालीतील चुका शोधून दुरुस्त करीत आले आहेत. जी बोली आरंभी ताडून शिकावी लागली तिचे कागदपत्रही पुढे रीतसर मिळाले. युरोपीय आयोगाच्या खटल्यात २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या विरुद्ध निकाल लागल्यानंतर, २० डिसेंबर २००७ रोजी झालेल्या कराराने, दहा हजार युरो एकदाच भरून, ती माहिती सांबाच्या मंडळींस उपलब्ध झाली.

दुरुस्तीची आवृत्ती कशी ओळखावी

सांबाच्या प्रत्येक आवृत्तीस तीन आकडे असतात. उदाहरणार्थ ४.६.४. पहिला आकडा फार क्वचित बदलतो. ४ हा आकडा डिसेंबर २०१२ मध्ये आला. दुसरा आकडा साधारणतः दर सहा महिन्यांनी वाढतो व त्यासमवेत नव्या सोयी येतात. तिसरा आकडा वाढला म्हणजे नवे काही नाही, केवळ चुकांची दुरुस्ती आहे, असे समजावे. व्यापाऱ्याने विशेष लक्ष ठेवावयाचे ते या तिसऱ्या आकड्यावर. त्यात दिखाऊपणा काहीच नसतो, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. नवे काही दिसत नाही, मग कशास त्रास, असे वाटते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लिनक्स वितरित करणाऱ्या काही संस्था जुन्या आवृत्तीचा आकडा तसाच ठेवून तिच्यातच नवी दुरुस्ती बसवून देतात. त्यामुळे आकडा जुना दिसला म्हणून यंत्र असुरक्षित आहेच असे नव्हे. शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस बसविली, हा प्रश्न आकड्यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

सात वर्षे लपलेली चूक

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २४ मे २०१७ रोजी सांबाच्या मंडळाने ४.६.४, ४.५.१० व ४.४.१४ अशा तीन दुरुस्त आवृत्त्या एकाच दिवशी प्रसिद्ध केल्या. दुरुस्त झालेली चूक मार्च २०१० मध्ये आलेल्या ३.५.० या आवृत्तीपासून पुढील सर्व आवृत्त्यांत होती. म्हणजे सात वर्षे ती हजारो यंत्रांत स्वस्थ बसून होती व कोणाचे काम अडत नव्हते.

चूक अशी होती. गोदामात माल ठेवण्याची परवानगी असलेल्या एखाद्याने पोत्यात एक चिठ्ठी दडवून ठेवली, आणि मग मुनिमास निरोप धाडला की अमुक थरातील अमुक पोत्यातील चिठ्ठी वाचून तीप्रमाणे वागावे. मुनीम निमूटपणे ती चिठ्ठी आणून शब्दशः अंमलात आणू लागला, तर त्या पेढीचे काय होईल? सांबाच्या बाबतीत हेच घडू शकत होते. सामायिक जागेत फाईल ठेवण्याचा अधिकार ज्यास आहे तो तेथे एक घातक प्रोग्राम ठेवू शके आणि सर्व्हरकडून, सर्व्हरच्याच अधिकाराने, तो चालवून घेऊ शके.

दुरुस्ती केवढी होती हे वाचून आश्चर्य वाटेल. बाहेरून आलेल्या नावात तिरकी रेघ असेल, म्हणजे ते नाव नसून एखाद्या जागेचा पत्ता असेल, तर ते नाकारावे, एवढाच अर्थ असलेल्या काही ओळी. चूक लहान असली म्हणजे तिचा परिणाम लहान असतो असे नाही. बिलात दशांशचिन्ह एक घर सरकले तर चूक एका टिंबाचीच असते.

याच उदाहरणातून दुसरा धडा मिळतो. दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे चूक कोठे होती हेही जाहीर होते. ज्याने दुरुस्ती बसविली तो सुटला. ज्याने बसविली नाही त्याच्या दाराचे कुलूप कोणते निकामी आहे हे आता चोरांसही कळले. २०१७ साली असेच झाले. दुरुस्ती निघाल्यापासून पंधरवड्याच्या आत, जुन्या आवृत्तीच्या यंत्रांत शिरून त्यांच्याकडून आपल्यासाठी आभासी चलन निर्माण करून घेणारे लोक आढळून आले. पुढे फाईली साठविणाऱ्या लहान पेट्यांवरही हल्ले झाले. या पेट्यांचा प्रश्न अधिक बिकट असतो, कारण तेथे दुरुस्ती पेटी बनविणाऱ्या कंपनीमार्फतच यावी लागते. तिने त्या नमुन्याची पेटी बंद केली असेल तर दुरुस्ती कधीच येत नाही.

आपण काही न करताही होणारी चूक

पुष्कळांचा आक्षेप असा असतो की, आमचे यंत्र उत्तम चालले आहे, आम्ही त्यात काही बदल केलेला नाही, मग ते बिघडेल कसे? यास उत्तर असे की, व्यवहार दोघांचा असतो. आपण तुरीचा दर्जा तोच ठेवला आणि समोरच्या दालमिलने ओलाव्याची मर्यादा कडक केली, तर कालपर्यंत पसंत पडणारा आपला माल आज परत येतो.

जुलै २०२३ मध्ये विंडोजचे मासिक अपडेट आले आणि ज्या ठिकाणी सर्वांची ओळख पटविण्याचे मुख्य काम सांबा सर्व्हरकडे होते तेथे विंडोजच्या संगणकांचा त्या सर्व्हरवरील विश्वासाचा धागा सदोष ठरू लागला. ११ जुलैस अपडेट आले. १९ जुलैस ४.१८.५ आणि तिच्या जोडीच्या जुन्या मालिकांतील आवृत्त्यांनी त्यावर उपाय दिला. मधले आठ दिवस कित्येकांस अडचणीचे गेले. दोन वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा आला. ८ जुलै २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरवरील बंदोबस्त अधिक कडक केला, आणि त्यामुळे काही विशिष्ट मांडणीचे सांबा सर्व्हर अडणार होते. परंतु या वेळी ७ जुलै रोजी, म्हणजे एक दिवस आधीच, ४.२२.३ व ४.२१.७ या आवृत्त्या तयार होत्या. ज्यांनी दुरुस्ती वेळेवर बसविली त्यांस काही घडले याची जाणीवसुद्धा झाली नसेल. दुरुस्तीचे यश असेच असते. ते दिसत नाही, म्हणून त्याचे मोलही लक्षात येत नाही.

पणास काय लागते

सांबा ज्या बोलीत बोलते त्याच बोलीच्या विंडोजमधील एका चुकीमुळे २०१७ साली जो अनर्थ झाला तो आपल्या शेजारचाच आहे. त्या चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. त्यानंतर दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम पसरला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर यंत्रांतील फाईली त्याने कुलूपबंद केल्या व प्रत्येकी तीनशे डॉलरच्या खंडणीची मागणी केली. आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यातून सुटले नाहीत.

पुढील महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या नावाचा दुसरा प्रोग्राम आला. मेर्स्क या जहाज कंपनीचा कारभार त्याने ठप्प केला, आणि तिच्या समूहाकडून चालविले जाणारे, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल बंद पडले. वर्षास सुमारे अठरा लक्ष वीसफुटी कंटेनर हाताळण्याची त्या टर्मिनलची क्षमता. तेथे कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाली व कामे हाताने करण्याची वेळ आली. ज्यांचा माल त्या बंदरातून येतो त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. माल धक्क्यावर आहे, पैसा अडकलेला आहे, भाडे चढत आहे, आणि आपली स्वतःची काडीचीही चूक नाही! मेर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या कंपनीच्या नोंदींची मुख्य प्रत जगभर नष्ट झाली होती. घाना देशातील एका कचेरीत वीज गेल्यामुळे जो सर्व्हर बंद राहिला होता त्यात ती वाचली.

एवढ्या मोठ्या कंपनीस तीस कोटी डॉलरपर्यंतचा तोटा सोसता आला. आपल्यापैकी कित्येकांस एका हंगामाची उधारी कोणाकडे किती आहे हे कळेनासे झाले तर पेढीचे शटर खाली ओढावे लागेल. व्यापारात भांडवल दोन प्रकारचे असते : एक गोदामातील, दुसरे लोकांकडे पसरलेले. दुसऱ्या भांडवलाचा एकमेव पुरावा म्हणजे खतावणी. ती गेली म्हणजे प्रामाणिक गिऱ्हाईक सुद्धा आकडा नेमका किती हे विसरतो, आणि अप्रामाणिक तर विसरण्याची वाटच पाहत असतो. शिवाय त्या दप्तरात केवळ आपलेच नव्हे, तर शेतकऱ्यांचे, दलालांचे, हमालांच्या मजुरीचे हिशेब असतात. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवलेला आहे.

आंधळेपणाने अपडेटही नको

याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नॉटपेट्या पसरला तो मुळात एका अपडेटमधूनच. युक्रेनमधील पुष्कळ पेढ्या एम.ई.डॉक नावाचा हिशेबाचा प्रोग्राम वापरीत. हल्लेखोरांनी तो प्रोग्राम पुरविणाऱ्यांच्या यंत्रणेत शिरून त्याच्या अपडेटमध्येच विष कालविले. एकदा आत शिरल्यावर तो यंत्रातील पासवर्ड चोरूनही पुढे सरकत असे. त्यामुळे शेजारचे दुरुस्त केलेले यंत्र सुद्धा सुरक्षित राहिलेच असे नाही. यावरून ‘अपडेट करूच नये’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. औषधात भेसळ झाल्याची बातमी आली म्हणून कोणी औषध सोडीत नाही. परंतु दुकान पाहून घेतो व सगळी भिस्त एकाच औषधावर ठेवीत नाही. दुरुस्ती हा बंदोबस्ताचा एक भाग आहे, संपूर्ण बंदोबस्त नव्हे.

पेढीने करावयाच्या गोष्टी

या सर्व विवेचनातून जे आचरणात आणण्यासारखे निघते ते येणेप्रमाणे :

१. पेढीत किती यंत्रे फाईली साठवितात, त्यांत कोणती प्रणाली आहे व शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस झाली, हे एका वहीत हाताने लिहून ठेवावे. ती वही संगणकात ठेवू नये.

२. दुरुस्तीपूर्वी संपूर्ण दप्तराची प्रत काढावी. एक प्रत यंत्रापासून सोडवून तिजोरीत व एक दुसऱ्या जागी, घरी वा गोदामात असावी. जी प्रत सदैव यंत्रास जोडलेली असते तिच्यावरही कुलूप पडते. वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीतून एखादी फाईल परत उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या पोत्यांसारखी असते.

३. दुरुस्तीसाठी मंदीचा दिवस निवडावा. आवकेच्या ऐन दिवसांत किंवा विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेस हे काम काढू नये. मात्र दुरुस्ती सुरक्षिततेची असेल तर सुटीची वाट पाहत बसू नये.

४. लिहिण्याचा अधिकार ज्यास आवश्यक त्यासच द्यावा. २०१७ ची ती चूक लिहिण्याच्या अधिकाराविना वापरता येत नव्हती, हे येथे स्मरावे. गोदामाची किल्ली आपण सर्वांस देत नाही. सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून थेट दिसेल असाही ठेवू नये.

५. या बोलीची पहिली, जुनी पद्धत सांबाने सप्टेंबर २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून आपण होऊन बंद ठेवली आहे. एखादे जुने स्कॅनर चालावे म्हणून ती पुन्हा उघडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. स्कॅनरची किंमत खतावणीपेक्षा जास्त नसते.

६. अघटित घडल्यास ते लपवू नये. सर्व्हरची तार प्रथम काढावी. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची वर्दी सहा तासांच्या आत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपणांस ते कितपत लागू आहे हे आपल्या सनदी लेखापालास आजच विचारून ठेवावे. संकटाच्या दिवशी विचारण्यास सवड नसते.

शेवटी एक सूचना सर्व सभासदांपुढे ठेवावीशी वाटते. यंत्र बसवून देणारा गृहस्थ पैसे घेऊन जातो व पुढे त्याचा पत्ता लागत नाही, असा अनुभव आपल्या गल्लीतील एकाहून अधिक पेढ्यांस आलेला आहे. लहान पेढीस स्वतंत्र माणूस ठेवणे परवडत नाही हे खरे. परंतु वीस पेढ्यांनी मिळून एक जाणकार ठेवला, त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक पेढीवर येऊन दुरुस्ती, प्रत व अधिकार या तीन गोष्टी पाहाव्यात आणि वहीत सही करावी, असे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारा खर्च जड होणार नाही. बाजारात रात्रीचा चौकीदार आपण याच रीतीने ठेवीत आलो आहोत.

काट्याची तपासणी करून त्यावर मुद्रा उमटवून घेणे हा आपण खर्च मानीत नाही. तो व्यापाराचा भाग मानतो. काटा बरोबर आहे म्हणूनच गिऱ्हाईक वजन न पाहता पोती उचलतो. दप्तर सांभाळणाऱ्या यंत्राची दुरुस्तीही त्याच यादीत जावयास हवी. येत्या ३१ मार्चला शिल्लक साठ्याची मोजदाद करताना प्रत्येक पेढीने कागदावर एक ओळ वाढवावी : सर्व्हरची शेवटची दुरुस्ती, तारीख अमुक. ती जागा कोरी राहिली तर ती कशाने भरावयाची, हे त्याच दिवशी ठरवावे.